पऱ्हाटीतली शाळा

वलगाव, बुधवार, २ नोव्हेंबर १८६४. सकाळी अकरा (घड्याळ मागे पडते, साडेअकरा धरावे)

दिवाळीची सुट्टी संपली. रजिस्टरवर मुले एकतीस. हजर चार. पैकी एक तापाने फणफणलेला, दुसरा त्याला धरून आणणारा. उरलेले दोघे मारामारीला सावली बरी म्हणून आले असावेत.

बाकीचे शेतात. अमेरिकेत कोणी कोणाशी लढते आहे, म्हणून तिकडचा कापूस विलायतेस जात नाही, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव, म्हणून वलगावचे पोर न् पोर वावरात, म्हणून माझी हजेरी चार. मी अमेरिकेचे काय घोडे मारले होते?

दुपार. शाळाखात्याच्या डेप्युटी साहेबांचा लखोटा आला. सोमवारी, ५ डिसेंबरला इन्स्पेक्शन. वीसपेक्षा कमी मुले हजर दिसल्यास शाळा उठवून चांदूर बाजारला नेणार. तिथे मास्तर आधीच आहे. म्हणजे मी कुठे, ते लखोट्यात नाही.

उलट इन्स्पेक्शन चांगले झाले तर अमरावतीच्या बदलीसाठी माझे नाव जाईल. सासरेबुवांनी पुण्याहून स्पष्ट कळवले आहे की अमरावतीस बदली झाली की मुलीला पाठवतो, खेड्यात ती नांदायची नाही. लग्न होऊन चार वर्षे झाली. सौ.चा चेहरा आठवायला हल्ली डोळे मिटावे लागतात.

असो. खचून जाणाऱ्यांतला मी नव्हे. फक्त जरा आडवा होतो.

गुरुवार, ३ नोव्हेंबर. पहाटे पाच (खरे म्हणजे सात)

झोपेत कल्पना सुचली. मुले शाळेत येत नसतील, तर शाळेने मुलांकडे जावे! उघड्या आभाळाखाली, झाडापानांत, प्रत्यक्ष वस्तू हातात देऊन शिक्षण. पुण्याच्या नॉर्मल क्लासात, म्हणजे मास्तर तयार करण्याच्या वर्गात, यालाच ऑब्जेक्ट लेसन म्हणत. तिथे आम्हाला वस्तू म्हणून एक शाईची दौत आणि एक वाळलेला नारळ होता. इथे आख्खी सृष्टी आहे.

संकल्प:
रोज पाचला उठणे.
मुलांवर न ओरडणे.
'सृष्टीच्या सान्निध्यात बालशिक्षण' हा निबंध बारा प्रकरणांत लिहिणे.
डेप्युटी साहेबांना आधी पत्र लिहून कळवणे की शाळा शेतात भरते, कृपा करून तिथेच यावे.

महादेवराव पाटलांकडे गेलो. गावातले सर्वांत मोठे वावर त्यांचे, निम्मी पोरे तिथेच जाणार. पाटील म्हणाले, आना की पंतोजी शाळा इकडं, पन पोट्टे हात चालवता चालवता शिकतीन. हात थांबला का शाळा बंद. मी ताबडतोब मान्य केले. हात आणि डोके एकाच वेळी चालावे हे माझेच तत्त्व आहे, फक्त ते मला पाटलांकडे सुचले.

शुक्रवार, ४ नोव्हेंबर

पहिला दिवस. गालबोट लागले.

वावराच्या कडेला, म्हणजे इथले लोक धुरा म्हणतात तिथे, मोठा निंब आहे. त्याखाली मुले जमली. मोजली तर सव्वीस! शिवाय पाच मुली, त्या रजिस्टरात नाहीत. समोर पांढरीशुभ्र फुललेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे. मला भरून आले. म्हटले, सुरुवात इथूनच. टपोरे फुटलेले बोंड तोडले, उंच धरले आणि म्हणालो, मुलांनो, याचे भाग किती?

सगळ्यांचे तोंड उघडे. मला वाटले, विषय भिडला.

तेवढ्यात मनकर्णाबाई धावत आली. वेचणाऱ्या बायांची ही मुख्य, आवाज असा की टिटवीने गप्प व्हावे. कावून हात लावला जी पंतोजी, अजून सीतादही नाई झालं! चौकशी केली तेव्हा कळले की वेचणी सुरू करायच्या आधी बाया पऱ्हाटीची पूजा करतात, दहीभात शिंपडतात, त्याला सीतादही म्हणतात, आणि तोवर बोंडाला कोणी हात लावत नाही. नॉर्मल क्लासात हे कोणी सांगितले नव्हते. दहीभाताचे भांडे डोक्यावर घेऊन बाया दहा पावलांवर उभ्या होत्या. मी दहा पावले आधी तोडले.

मग बायांची धुऱ्यावर कुजबुज झाली आणि मनकर्णाबाईने निकाल दिला. ज्यानं सीतादहीच्या आंधी बोंड तोडलं, त्यानं सेवटच्या वेचणीपरेंत ह्याच वावरात ओळ धरावं, अन् हातातली ओळ सरल्याबिगर धुरा ओलांडू नये, नाईतर पऱ्हाटी करपते. असा वाडवडिलांपासून रिवाज आहे.

हे सांगताना बायांनी पदर तोंडाला लावले होते. खांदे हलत होते. या लोकांची श्रद्धा फार मोठी.

मी शब्द दिला. लोकांच्या चालीरीतींचा मान राखला तरच शिक्षण रुजते. निबंधात 'प्राचीन कृषिरिवाज' असे स्वतंत्र प्रकरण घालीन. आता प्रकरणे तेरा.

शनिवार, ५ नोव्हेंबर

मनकर्णाबाईने कमरेला फडके बांधून दिले, वेचलेला कापूस टाकायला. इथे त्याला ओटी म्हणतात. मी त्यात वस्तुपाठाचे नमुने ठेवीन.

एक ओळ पुरी केली. वावराचे दुसरे टोक दिसते त्यापेक्षा लांब आहे.

सोमवार, ७ नोव्हेंबर

बोंड सुकले की त्याची टोके सुईसारखी होतात. दहाही बोटे सोललेली. टाक धरवत नाही, म्हणून निबंध आज नाही.

आजचा धडा: वनस्पती. मुंबईहून आणवलेल्या पुस्तकातून नारळ, फणस आणि सुपारी शिकवली. मुले वेचत वेचत ऐकत होती. शेषराव नावाच्या मुलाने विचारले की तिथं पऱ्हाटी होते का जी? मी म्हणालो, नाही. मंग ते लोक काय करतात, बिचारे? अख्ख्या वर्गाला कोकणाची दया आली. विषय बदलला.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

पाचला उठायचा संकल्प पाळला गेला, कारण मनकर्णाबाई दार ठोठावते. पहाटेच का, म्हणून विचारले. म्हणाली, दवात पाला नरम राहते, ऊन चढलं का कुरकुरते अन् कापसात मिसळते, मंग व्यापारी नाक मुरडते.

यावरून मी मुलांना हवेतील ओलाव्याविषयी व्याख्यान दिले. मनकर्णाबाईने मान डोलावली. माझ्या म्हणण्याला तिचा दुजोरा आहे असे दिसते.

गुरुवार, १० नोव्हेंबर

आजचा धडा: सर्प. विषारी व बिनविषारी यांतील भेद पुस्तकातून वाचून दाखवीत असताना ओळीतून प्रत्यक्ष सर्प निघाला. मी वर्गाला उंचावरून नीट दिसावे म्हणून निंबावर चढलो. मुले म्हणाली, धामन हाय जी, उंदरं खाते, जाऊ द्या तिले. जयवंताने, म्हणजे मनकर्णाबाईच्या नातीने, काठीने तिला वाट करून दिली.

निंबावरून उतरवायला चार मुले लागली. एकूण धडा चांगला झाला.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

ही जयवंता नऊ-दहा वर्षांची असेल. रजिस्टरात नाही, पण माझ्यावर फार भक्ती. मी हात मागे बांधून ओळींतून फिरतो, तर तीही माझ्यामागे हात बांधून फिरते. मी घसा खाकरतो, ती खाकरते. मी म्हणतो, लक्ष द्या रे गाढवांनो, तीही म्हणते. मुले आनंदाने हसतात. गुरूचे अनुकरण हीच शिक्षणाची पहिली पायरी.

ओरडायचे नाही हा संकल्प मोडला आहे असे यावरून कळले. सोमवारपासून पुन्हा.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

पाठ.

बुधवार, १६ नोव्हेंबर

काल एवढेच लिहवले. आज वाकून वेचताना तसाच राहिलो. मनकर्णाबाईने गुडघा लावून सरळ केले. असा आवाज आला की धुऱ्यावरचे होले उडाले.

डेप्युटी साहेबांच्या पत्राला आरंभ केला. 'सर, आय हॅव द ऑनर' इथपर्यंत उत्तम जमले. पुढचे उद्या.

शनिवार, १९ नोव्हेंबर

निबंध: मुखपृष्ठ तयार. नाव झोकदार अक्षरात काढले. खाली 'वलगाव' लिहिले होते, ते खोडून 'अमरावती' केले. छापून होईपर्यंत बदली झालेलीच असेल.

महादेवराव येऊन बघून गेले. म्हणाले, पंतोजी, तुमचा हात आता बसला. मी म्हणालो, शिकवण्यात? ते ओटीकडे बघत होते.

सोमवार, २१ नोव्हेंबर. दुपार, सावलीवरून एक

घड्याळ पूर्ण बंद. मुले सावली बघून वेळ सांगतात आणि ती घड्याळापेक्षा बरोबर निघते. ही युक्ती मी त्यांना शिकवली असे निबंधात लिहावे का? लिहावे. माझ्या वर्गात घडले ते माझेच.

आज उजळणी घेतली. मी विचारले, माती किती प्रकारची? सगळे सांगू लागले. पाटलाच्या वावरातली कशी, पेढी नदीकाठची कशी, भेग किती खोल गेली तर खाली ओल किती, कुठे तूर आणि कुठे ज्वारी. मी पुस्तकात बघितले, त्यात एवढे नव्हते. हे कोणी शिकवले म्हणून विचारले तर मुले म्हणाली, मनकर्णा काकी सांगून राहिली ना जी रोज, तुमी तिकडं समोरच्या ओळीत मागं पडता तवा.

बाईला सहायक शिक्षकाची नैसर्गिक देणगी आहे. माझ्या हाताखाली तयार होते आहे.

शनिवार, २६ नोव्हेंबर

सौ.चे पत्र, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने लिहिलेले. ताई विचारते की अमरावतीस घरापुढे तुळस लावायला जागा आहे का. उत्तर लगेच लिहिले. जागा ऐसपैस आहे, असे. अमरावतीत कुठेतरी असणारच.

फार थकलो. रात्री स्वप्नातही ओळ संपत नाही. पण हे दिवस जातील. सव्वीसखाली हजेरी एकदाही आली नाही. वीस मागितली होती साहेबांनी! निंबाखाली खुर्ची मांडायची, साहेब बसतील, समोर पांढरी पऱ्हाटी, मुले बोंड हातात घेऊन भाग सांगतील. असे इन्स्पेक्शन या मुलखात झाले नसेल.

गुरुवार, १ डिसेंबर

महादेवरावांनी खुर्ची देऊ केली. एक पाय नाही, पण झाडाला टेकवली की कळत नाही.

शनिवार, ३ डिसेंबर

साहेबांचे पत्र पूर्ण! मराठीत लिहिले, इंग्रजीत ऑनरच्या पुढे जाईना. 'शाळा गावातील खोलीत नसून महादेवराव पाटलांच्या शेतात निंबाखाली भरते. तेथेच यावे.' उद्या अमरावतीस जाणाऱ्या बंडीवाल्याकडे द्यायचे.

रविवार, ४ डिसेंबर. दिवेलागण

मुलांना सांगितले, उद्या आंघोळ, स्वच्छ कपडे, तोंडात चिंच नको. मनकर्णाबाई काहीतरी विचारत होती, साह्यबापुढं पोट्टे असे मातीत बसवता का जी, म्हणून. म्हटले, बाई, तुम्हाला यातले कळायचे नाही. ती पाटलांकडे गेली.

आज लवकर निजतो. उद्या चेहरा ताजा हवा.

पुन्हा: दारावर थापा पडताहेत. मनकर्णाबाईचा आवाज. उठवत नाही. काय असेल ते उद्या सांगेल.

सोमवार, ५ डिसेंबर. संध्याकाळ

मन शांत करून क्रमाने लिहितो.

चांदणी असतानाच वावरात आलो. खुर्ची निंबाला टेकवली. पालापाचोळा झाडला. अजून कोणी नव्हते, म्हणून तेवढ्यात आपली ओळ धरली. अंगरखा मळू नये म्हणून काढून फांदीला लावला, पागोटे खुर्चीवर ठेवले, डोक्याला फडके गुंडाळले.

सूर्य वर आला. मुले नाहीत. बायाही नाहीत. आंघोळीला वेळ लागत असेल असे वाटले. एवढ्या मोठ्या वावरात मी एकटा.

सावलीवरून नऊच्या सुमारास अमरावतीच्या रस्त्याने पांढरा घोडा गेला. साहेब! घोडा गावाकडे वळला. जाऊन गाठावे म्हणून धुऱ्यापर्यंत पळालो आणि थांबलो. ओळ अर्धी राहिली होती. दिलेला शब्द. पऱ्हाटी करपली तर या लोकांनी काय करायचे? शिवाय साहेबांना पत्र पोचलेच असणार, खोली रिकामी दिसली की येतीलच इकडे. परत फिरून वेचू लागलो. महिनाभरात कधी वेचला नाही अशा वेगाने वेचला. बोटांतून रक्त आले.

ओळ संपली तेव्हा सावली पायाखाली आली होती. धुऱ्यावर आलो तर पांढरा घोडा परत अमरावतीकडे चालला होता. मी ओटी सावरत ओरडलो, दोन्ही हात वर केले, लवून नमस्कार केला. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. चाबूक कपाळाला लावून सलाम घेतला आणि गेले.

गावात आलो. शाळेच्या खोलीपुढे तोरण. आत सगळी मुले, तेल लावून, भांग पाडून, ओळीने बसलेली. सत्तावीस! तापवालासुद्धा. भिंत सारवलेली, दारात रांगोळी. वेचणी ऐन भरात असताना पाटलांनी सगळ्या वावराला आज सुट्टी दिली होती, का तर पंतोजीची लाज राहावी. मनकर्णाबाईने घरोघर फिरून पोरे गोळा केली, ती काल हेच सांगायला आली होती.

साहेबांनी विचारले, मास्तर कुठे? मुले म्हणाली, येतीन. तासभर झाला तरी मास्तर नाही, तेव्हा जयवंता उठली, हात मागे बांधले, घसा खाकरला आणि म्हणाली, लक्ष द्या रे गाढवांनो, मातीचे प्रकार सांगा. मग माती झाली, बोंडाचे भाग झाले, दव झाले, धामण झाली. साहेब हसत होते म्हणे. निघताना त्यांनी मास्तरांची खुर्ची बोटाने पुसून पाहिली. महिन्याची धूळ होती.

कोणी मला बोल लावला नाही. जानराव म्हणून सर्वांत लहान मुलगा आहे, त्याने फक्त विचारले, तुमी काहून नाई आले जी? आमी तुमच्यासाठीच बसलो होतो.

फांदीवरचा अंगरखा आणायला वावरात गेलो. घालताना खिशात हात गेला. पत्र खिशातच होते.

मंगळवार, ६ डिसेंबर

आज वावरात गेलो तर मनकर्णाबाई समोर येईना. शेवटी आली आणि मान खाली घालून म्हणाली, असा कोनता रिवाज नाई जी पंतोजी. तुमी नुसते उभे राहून बोलून राहिले होते, म्हनलं दोन हात वाढतीन. तुमी खरंच मानसान असं कोनाले वाटलं? म्या तुमाले बुडवलं. आणि डोळ्याला पदर लावला. या वेळी खांदे हलत नव्हते.

मी म्हणालो, बाई, रिवाज नसेल पण शब्द होता. बोलताना मला स्वतःचे कौतुक वाटले. घरी आल्यावर वाटले नाही.

निबंधातले 'प्राचीन कृषिरिवाज' प्रकरण कमी केले. ते एकच प्रकरण लिहून झाले होते.

शनिवार, १० डिसेंबर

अजून हुकूम नाही. उशीर म्हणजे शुभ. साहेब माझ्या पद्धतीवर विचार करीत असणार. मुलांची तयारी उत्तम होती हे तर त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. बारकाईने पाहता गैरहजर मी नव्हतोच, फक्त खोलीत नव्हतो.

बुधवार, १४ डिसेंबर

हुकूम आला. नीट तीनदा वाचला.

'वलगावची शाळा कायम ठेवावी. मुलांची तयारी समाधानकारक, विशेषतः झाडे, माती व प्राणी यांविषयी. मास्तर कामावर हजर नव्हते व खोलीचा उपयोग दीर्घकाळ झालेला दिसत नाही, सबब मुले मास्तरांवाचून शिकली असे मानणे भाग आहे. येथील रयत नम्र आहे. शेतातील एक मजूर लवून सलाम करताना आढळला. अकोल्याहून नवीन मास्तर पाठवण्यात येत आहेत. हल्लीच्या मास्तरांनी पातूर येथे रुजू व्हावे. तेथे शाळेस इमारत नाही. तूर्त वर्ग झाडाखाली भरवावा.'

झाडाखाली.

दुपारी वावरात निरोप घ्यायला गेलो. मुले वेचत होती, हात थांबवता येत नव्हते, म्हणून ओळीतूनच ओरडून सांगत होती, या जी परत. जयवंता हात मागे बांधून उभी राहिली. मनकर्णाबाईने माझी ओटी धुऊन घडी घालून आणली होती, त्यात हुरडा बांधलेला. म्हणाली, पातूरले जाऊन राहिले, तं आंधी इचारा सीतादही झालं काय, अन् मंगच हात लावा.

हुरडा कोवळा होता. वाटेतच संपवला.

आता सासरेबुवांना लिहायला बसलो आहे. 'ती. सासरेबुवांस साष्टांग नमस्कार. बदली झाली.' एवढे लिहून झाले. पुढचे उद्या.